धुरावर पोसलेला वायुशोषक

मी एक जुना वायुशोषक आहे. जुना म्हणजे अकरा वर्षांचा. ज्या सिमेंटच्या कारखान्यात मी उभा आहे, तिथले धुराडे अठ्ठावन्न वर्षांचे आहे. पण त्याला कोणी जुने म्हणत नाही, कारण ते अजून रोज काम करते. मित्रांनो, 'शोषक' या शब्दाला दुसराही एक अर्थ आहे. तो तुम्ही मोठेपणी शिकाल. त्या अर्थाशी माझा काही संबंध नाही, असे उद्घाटनाच्या भाषणात जाहीर करण्यात आले होते.

आधी माझी शरीररचना सांगतो. मी म्हणजे एका मोठ्या खोलीएवढी लोखंडी पेटी. माझ्या तोंडाशी बारा पंखे आहेत. पोटात मधाच्या पोळ्यासारख्या छिद्रांच्या जाळ्या आहेत आणि प्रत्येक जाळीवर एका रसायनाचा पातळ लेप आहे. पंखे हवा आत ओढतात. हवेच्या दहा हजार कणांमध्ये कार्बन डायऑक्साइडचे, म्हणजे कर्बवायूचे, कण जेमतेम चार असतात. जत्रेतून चार ओळखीचे चेहरे हुडकावेत तसे ते हुडकून माझा लेप त्यांना धरून ठेवतो. बाकीचे सारे कण मागच्या दाराने निघून जातात. त्यांच्याशी मला कर्तव्य नसते. जाळ्या भरल्या की माझी दारे बंद होतात, आत वाफ सोडली जाते, लेप कर्बवायूला सोडतो, आणि एका नळीतून तो जमिनीखाली खोल खडकात नेऊन कोंडला जातो. पृथ्वी तापवणारा वायू पुन्हा पृथ्वीच्याच पोटात. कल्पना चांगली होती. आजही चांगली आहे. कल्पनेबद्दल माझी तक्रार नाही.

ज्यांनी मला घडवले ती माणसे मन लावून काम करणारी होती. त्यांच्यातली एक अभियंता बाई प्रत्येक जाळी उजेडासमोर धरून, एक डोळा मिटून, तिच्यातून आरपार पाही. कुठे लेप विरळ दिसला की ती जाळी बाजूला ठेवी. तिनेच माझ्यासोबत एक पुस्तिका पाठवली. पुस्तिकेच्या तिसऱ्या पानावर लिहिले होते की हे यंत्र कोणत्याही धुराड्यापासून दूर, वारा जिकडून येतो त्या अंगाला बसवावे. त्यासाठी कारखान्यामागच्या टेकाडाची जागाही तिने आखून दिली होती.

टेकाडावर जाणारा रस्ता कच्चा होता. उद्घाटनाला येणाऱ्या पाहुण्यांच्या गाड्या तिथवर चढल्या नसत्या. म्हणून मला धुराडे आणि कामगारांची वसाहत यांच्या मधल्या हिरवळीवर उभे करण्यात आले. फोटोत धुराडे आणि मी दोघेही नीट मावलो. वर्षातले आठ महिने इथला वारा धुराड्याकडून निघतो, माझ्यावरून जातो आणि वसाहतीत शिरतो. हे तिथल्या चिमण्यांनाही ठाऊक होते; त्या कधीच त्या बाजूला घरटे करत नसत.

कारखान्याच्या प्रमुखांना सगळे मोठे साहेब म्हणत. मोठ्या साहेबांनी माझ्या पायाशी उभे राहून भाषण केले. "आजपासून हा कारखाना जेवढा श्वास सोडेल, तेवढा हा गिळेल. भिंतीपलीकडच्या मंडळींनी आता खिडक्या बिनधास्त उघड्या ठेवाव्यात." मंडळींनी टाळ्या वाजवल्या आणि घरी जाऊन खिडक्या उघडल्या. साहेब खोटे बोलत होते, असे मला वाटत नाही. त्यांनी पुस्तिका वाचली नव्हती, एवढेच. न वाचणाऱ्या माणसाला खोटे बोलताच येत नाही. ती सोय वाचणाऱ्यांनाच असते.

मला चालवायला एक बाई नेमली गेली. तिला सारा कारखाना ताई म्हणे. तिच्याहून वयाने मोठे असलेलेही. ताई वसाहतीतच राहत होती, तिच्या वडिलांसोबत. वडिलांना सगळे आबा म्हणत. आबांनी याच कारखान्याच्या भरणी खात्यात बत्तीस वर्षे सिमेंटची पोती भरली होती, आणि पोत्यांत जे मावले नाही ते त्यांच्या फुप्फुसांत जाऊन बसले होते. दोन जिने चढायला त्यांना तीनदा बसावे लागे. कारखान्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी ताईला सांगितले होते, "औषध देतो, पण खरं औषध म्हणजे स्वच्छ हवा. रोज तीन तास मोकळ्या, स्वच्छ हवेत बसवा त्यांना."

ताईने नीट विचार केला. आसपासच्या पाच कोसांत सगळ्यात स्वच्छ हवा कुठे असेल? तिला उत्तर सापडायला वेळ लागला नाही. प्रयोगशाळेतून तिने हात असलेली एक खुर्ची मागून आणली आणि माझ्या पाठीमागे, जिथून माझी वापरलेली हवा बाहेर पडते तिथे, सावलीत टाकली. दुपारी दोन ते पाच आबा तिथे बसू लागले.

"आबा, खोल श्वास घ्या," ताई म्हणायची. "ही गाळलेली हवा आहे."

"गाळलेली? मग गाळ कुठं जातो?"

"जमिनीत."

"बत्तीस वर्षं माझ्यात जात होता. तेव्हा जमीन सुचली नाही कुणाला."

आबांना माझा हेवा वाटे, पण तो प्रेमळ हेवा होता. ते माझ्या पत्र्यावर बोटांनी ताल धरत आणि म्हणत, "याचा थाट बघ. सेवेला तीन माणसं, वर्षातून दोनदा अंघोळ, बारा पंखे. भरणी खात्यात एक पंखा होता, तोही फोरमनच्या टेबलावर."

"मग तुम्ही मागायचा होता."

"मागितला की. फोरमन म्हणाला, पंखा लावला तर सिमेंट उडेल."

मित्रांनो, आता कौतुकाचा काळ आला. माझ्या दर्शनी भागावर एक पाटी होती आणि तिच्यावर दिवसभरात किती किलो कर्बवायू पकडला त्याचे आकडे उजळत. मला घडवणाऱ्यांनी सांगितलेल्या क्षमतेपेक्षा मी दीडपट, कधी दुपटीने पकडू लागलो. कारखान्याची सिमेंट भाजणारी भट्टी जोरात असली की माझे आकडे विशेष चढत. दुरून पाहुणे येत, पाटीसमोर उभे राहून फोटो काढत. मला एक पितळी मानचिन्ह मिळाले. ते साहेबांच्या खोलीत ठेवण्यात आले, कारण माझ्याकडे खोली नव्हती. जगातल्या माझ्या भावंडांपेक्षा मी इतका सरस का, हा प्रश्न कोणी विचारला नाही. उत्तम निकालाची चौकशी करण्याची पद्धत नसते.

आबांचा खोकला वाढला. तेव्हा ताईने त्यांच्या बसण्याची वेळ वाढवली. दोनऐवजी एकपासून.

चौथ्या वर्षी माझ्या जाळ्यांना काहीतरी होऊ लागले. धुरात गंधकाचाही वायू असतो. माझा लेप त्यालाही धरतो. फरक इतकाच की कर्बवायूला वाफ लागताच तो सोडतो, पण गंधकाला एकदा धरले की सोडत नाही. मूठ वळली ती वळलीच. एकेक मूठ अशी कायमची बंद होत गेली. मला वेदना झाल्या, असे सांगून तुमची सहानुभूती मिळवता येईल, पण तसे झाले नाही. थंडीने बोटे बधिर झाली की हातात काही आहे की नाही तेही कळत नाही, तसे झाले. आकडे मात्र फारसे उतरले नाहीत, कारण त्या वर्षी भट्टी आणखी जोरात चालू होती. माझी पकड जितकी सुटत गेली, तितका धूर दाट होत गेला. पाटीवर दोन्हींची बेरीज ठाकठीक दिसे.

प्रयोगशाळेत एक वयस्क गृहस्थ होते. त्यांना सगळे रसायनवाले काका म्हणत. एका दुपारी ते आले, माझी एक जाळी उतरवून घेतली, नखाने खरवडली, आणि दुसऱ्या दिवशी एक कागद घेऊन परत आले. ताई माझ्या खटक्यांपाशी उभी होती.

"ताई, जाळी पिवळी पडलीय. गंधक आहे."

"हवेत गंधक कुठून येईल, काका?"

काकांनी मान वर केली. ताईनेही केली. समोर धुराडे होते.

"हा गेली चार वर्षं हवा खात नाहीये," काका म्हणाले. "धूर खातोय. आकडे उगीच नाही फुगले."

"म्हणजे आकडे खोटे?"

"खरे. तेच तर दुखणं आहे. पाटीवर जेवढं लिहिलंय तेवढा कर्बवायू यानं पकडलाच. फक्त आभाळातला नाही, शेजारच्या चुलीवरचा."

ताईला बरे वाटले. "मग चांगलंच की. धूर इथल्या इथं अडतो."

"एक वायू अडतो, ताई. राख, बारीक धूळ, जाळीला पुरून उरलेला गंधक, हे सगळं मागून जसंच्या तसं बाहेर. उलट बारा पंख्यांनी ओढून एका जागी आणलेलं." काका थांबले. मग त्यांनी हळू आवाजात विचारले, "आबा कुठं बसतात?"

दुपारचा सव्वा वाजला होता. ती माझ्या बाजूने मागे गेली. आबा डोळे मिटून, तोंड थोडे उघडे ठेवून, सांगितल्याप्रमाणे खोल श्वास घेत होते.

"आबा, घरी चला."

"आत्ताशी तर आलोय."

"चला."

"तुझी पाळी संपली?"

"हो," ताई म्हणाली. तिची कामाची पाळी सहाला संपत असे. तिने त्यांना खांद्याचा आधार देऊन उठवले. त्यानंतर आबा माझ्यामागे कधी बसले नाहीत, पण तोवर चार वर्षे झाली होती. दोन महिन्यांत त्यांना नाकाला नळी लागली. दवाखान्यातून आठवड्याला ऑक्सिजनचे दोन सिलिंडर घरी येऊ लागले.

ताईने लेखी कळवले. यंत्र टेकाडावर हलवावे आणि वसाहतीला खिडक्या बंद ठेवण्याची सूचना द्यावी, अशी दोनच वाक्ये होती. उत्तर आले नाही. त्याऐवजी बातमी आली की कारखाना दुसरे धुराडे उभारणार आहे, वसाहतीच्या मागच्या भिंतीला लागून. परवानगीच्या अर्जाला जे मुख्य कारण जोडले होते, ते म्हणजे मी. ज्या कारखान्याजवळ इतका कर्तबगार वायुशोषक आहे, त्याला आणखी एक धुराडे सहज पेलेल, असा युक्तिवाद होता. सरकारी अधिकारी जनसुनावणी घेणार होते आणि माझ्या आकड्यांबद्दल चालक म्हणून ताईने निवेदन करायचे होते.

मोठे साहेब स्वतः तिच्या खोलीत आले. खुर्ची पुढे केली तरी बसले नाहीत.

"ताई, तुम्ही तर आपल्या घरच्या. आबांचा सिलिंडर वेळेवर येतो ना?"

"येतो."

"येत राहील. सुनावणीत अवघड काही नाही. विचारतील तेवढंच सांगायचं."

इतक्या सौम्य शब्दांत गळा धरण्याला शिक्षण लागते. ताईपुढे आता दोन गोष्टी होत्या. खरे बोलावे तर आबांचा सिलिंडर थांबणार. गप्प बसावे तर दुसरा धूर थेट आबांच्या खाटेमागच्या खिडकीतून येणार. सुनावणीच्या आदल्या दिवशी आबा काठी टेकत, सिलिंडर चाकाच्या गाडीवर ओढत, माझ्या पायरीपर्यंत आले.

"माझ्याकडे बघून काही ठरवू नकोस," ते म्हणाले. "मी आता बोनसवर आहे."

"बोनसवर नाही, सिलिंडरवर आहात."

"एकच ते. दोन्ही साहेबाच्या मर्जीवर."

ताई हसली नाही. आबाच हसले, आणि मग बराच वेळ खोकत राहिले.

सुनावणीसाठी माझ्यासमोरच कापडी छत उभारले होते, म्हणजे येणाऱ्यांना पाटी दिसावी. त्या सकाळी मोठ्या साहेबांनी एक हुकूम दिला: अधिकारी येऊन जाईपर्यंत भट्टी अगदी मंद ठेवा, धूर दिसता कामा नये. हुकूम पाळला गेला. कित्येक वर्षांत पहिल्यांदा धुराड्याच्या तोंडावर नुसते निळे आभाळ होते. वसाहतीतले लोक माना वर करून पाहत होते.

मी पंखे चालवले. समोर साधी हवा आली, दहा हजारांत चार कणांची, आणि माझ्या बधिर जाळ्यांना त्यातला एकही धड सापडेना. आदल्या दिवशी दुपारपर्यंत पाटीवर साडेचारशे किलो होते. त्या दिवशी दुपारपर्यंत अकरा. छताखाली साहेबांचे भाषण ऐन रंगात आले होते, तेव्हा अधिकाऱ्यांनी चष्मा वर सरकवून पाटीकडे पाहिले.

"हा आकडा काय आहे?"

साहेबांनी मागे वळून पाहिले. "तांत्रिक बाब आहे. चालक सांगतील."

ताई उठली. पहिल्या रांगेत आबा बसले होते, पायाशी सिलिंडर. तिने त्यांच्याकडे एकदा पाहिले.

"आज धूर बंद आहे म्हणून," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"हा धुराड्याच्या धुरावर चालतो, साहेब. धूर नसला की याच्या वाट्याला काही येत नाही."

मोठ्या साहेबांनी रुमाल काढला. मला वाटले, झाले. मला वाटले म्हणजे काय, मला काही वाटत नव्हते. पण वाटण्यासारखा क्षण होता. अधिकारी विचारात पडले. ते दुष्ट नव्हते. त्यांना संध्याकाळच्या आत अहवाल पुरा करायचा होता.

"म्हणजे धूर वाढला, तर हा जास्त वायू पकडतो?"

"हो," ताई म्हणाली, "पण..."

लेखणी कागदाला लागली होती. ताई पुढे चार मिनिटे बोलली. आवाज न चढवता, एकेक गोष्ट क्रमाने: गंधक, राख, मागचे दार, उघड्या खिडक्या, खुर्ची, आबा. अधिकाऱ्यांनी हातातले वाक्य संपेपर्यंत मान वर केली नाही, आणि ते संपल्यावर यादीतले पुढचे नाव पुकारले.

अहवाल महिन्याभरात आला. त्यात लिहिले होते: "धुराच्या प्रमाणात यंत्राची कार्यक्षमता वाढते, हे चालकाने मान्य केले. सबब दुसऱ्या धुराड्यामुळे यंत्राचा पुरेपूर उपयोग होईल." एक अट घातली होती. वायुशोषक चालू असेल तरच दुसरे धुराडे पेटवावे. मित्रांनो, मी बरेच उतारे ऐकले आहेत; इतका निर्दोष मजकूर क्वचित ऐकला. त्यातले एकही वाक्य असत्य नव्हते.

सिलिंडर मात्र अहवालासाठी थांबला नाही. सुनावणीनंतरच्या सोमवारी दवाखान्याच्या यादीत आबांचे नाव सापडेना. रसायनवाल्या काकांनी कुठूनतरी एक मिळवून दिला, मग आणखी एक, मग आणखी. असे चार आठवडे निघाले. अहवाल आला त्याच दिवशी ताईने ठरवले की आबांना घेऊन मोठ्या बहिणीकडे जायचे. तिथे कारखाना नव्हता आणि मेहुण्यांनी सिलिंडरची सोय केली होती.

आमच्या कामात एक रीत आहे. यंत्रात हात घालण्यापूर्वी मुख्य खटका पाडायचा आणि ज्याने त्याने त्याला स्वतःचे लाल कुलूप घालायचे. चावी स्वतःजवळ. ते कुलूप दुसऱ्या कोणी काढायचे नाही, साहेबांनीही नाही. एकदा एक फिटर आत असताना बाहेरून कोणीतरी खटका चढवला होता. ही रीत त्यानंतर आली. निघायच्या सकाळी ताईने माझा खटका पाडला, फळ्यावर लिहिले 'जाळ्या निकामी, तपासणीसाठी बंद', खाली सही केली आणि आपले कुलूप घातले. आबा गाडीजवळ उभे होते. तिने चावी त्यांच्या हातावर ठेवली.

"कसली चावी?"

"कुलपाची."

"ते दिसतंय. कुठल्या कुलपाची?"

"दुसऱ्या धुराड्याच्या."

आबांनी चावी सदऱ्याच्या खिशात टाकली आणि वरून खिसा थोपटला. गाडी गेली. माझे पंखे थोडा वेळ स्वतःच्याच वेगाने फिरत राहिले, मग थांबले.

पाच महिन्यांत दुसरे धुराडे उभे राहिले. पेटवायचा दिवस ठरला आणि सगळे माझ्यापाशी येऊन थबकले. मोठे साहेब फिटरला म्हणाले, "तोडा."

"माझ्या हातानं नाही, साहेब," फिटर म्हणाला. "आज तिचं तोडलं तर उद्या मी आत असताना माझंही तोडतील."

दुसऱ्या फिटरला सांगून पाहिले. तोही हलला नाही. तेव्हा साहेबांनी तिथूनच ताईला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जावा म्हणून आवाज मोठा केला.

"ताई, चावी पाठवा. आबांना काय हवं-नको ते आपण बघू."

"आबा गेले, साहेब. नऊ आठवडे झाले. त्याआधी बरे होते. रोज कोपऱ्यापर्यंत चालायचे."

साहेबांनी अशा वेळी म्हणायचे ते दोन शब्द म्हटले. मग विचारले, "आणि चावी?"

"आबांच्या सदऱ्याच्या खिशात होती."

"मग सदरा बघा ना."

"सदरा त्यांच्या अंगावर होता," ताई म्हणाली.

फिटरने आपली हत्यारे पेटीत ठेवली आणि पेटी बंद केली.

त्याला आता पाच वर्षे होतील. पहिले धुराडे चालू आहे. दुसरे उभे आहे, थंड. मी बंद असलो तरी मला चालू समजावे, असा अर्ज कारखान्याने दिला आहे आणि तो विचाराधीन आहे. तो मंजूर होईल, असे जाणकार म्हणतात. माझ्या पंख्यांवर गंज चढला आहे. तो खरवडू नका. मला तेलपाणी, रंग, नवी जाळी काही नको.

निगा राखायचीच असेल तर एका गोष्टीची राखा. मित्रांनो, तुमच्यातले काही जण मोठेपणी माझ्यासारखी यंत्रे घडवतील, काही जण त्यांच्यापुढे फिती कापतील, आणि एखादा कापडी छताखाली वही उघडून बसेल. त्या एकाला माझी विनंती आहे. समोरचे माणूस 'हो' म्हणून थांबले नसेल, तर लेखणी खाली ठेवा आणि पुढचे ऐकून घ्या. ताई चार मिनिटे बोलली. त्यातला शब्द न् शब्द मी ऐकला. पण मला लिहिता येत नाही. आणि ज्यांना येत होते, ते पुढचे नाव पुकारत होते.